सूत्र आणि प्रसंग : शिकवण्याची रीत व शिष्याचे शील

॥ श्रीचक्रधराय नमः ॥

सूत्रपाठ एक, आचारधर्म एक, पंचकृष्णांच्या ठायीची निष्ठाही एक; असे असून एका गुरूच्या हाताखालून निघालेले शिष्य एका वळणाचे आणि दुसऱ्याच्या हाताखालून निघालेले दुसऱ्याच वळणाचे का होतात, असा प्रश्न एका वासनिक गृहस्थांनी निरूपण संपल्यावर मला विचारला होता. त्या वेळी मी ‘ज्याची त्याची योग्यता’ एवढे सांगून प्रश्न मिटविला. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. जीवाची योग्यता भिन्न असते हे आपले शास्त्र सांगतेच. तथापि शिष्याच्या योग्यतेवर सगळा भार टाकला म्हणजे शिकविणाराची स्वतःच्या रीतीविषयीची जबाबदारी संपते, आणि ही सुटका मला अलीकडे खुपू लागली आहे. म्हणून त्या गृहस्थांना जे उत्तर द्यावयास हवे होते ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

आरंभीच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, आणि जीवाला मोक्ष देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचेच आहे, हा आपल्या विचाराचा पाया आहे. ज्ञानाचा दाता परमेश्वर. आचार्य हा त्या ज्ञानाचे अधिकरण, म्हणजे ते ज्याच्या द्वारे पोहोचते तो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी की, शिष्याचा उद्धार आपण करतो असे कोणत्याही मानवी गुरूने मानू नये. दुसरी अशी की, वाट जर आपल्यातून जात असेल तर ती स्वच्छ ठेवण्याचे काम आपलेच आहे. पाटाचे पाणी पाटाने निर्माण केलेले नसते. परंतु पाटात गाळ साचला तर पिकाला ते पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी गढूळ पोहोचते.

आधी वेध, मग बोध

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानात जे जे आले त्यांचा क्रम पाहिला तर वेध, बोध आणि अनुसरण अशी पावले दिसतात. प्रथम चित्त ओढले जाते, मग सांगितलेले मनात उतरते आणि त्यानंतर मनुष्य सर्व सोडून मागे येतो. आपण हे तीन शब्द निरूपणात नित्य वापरतो. पण शिकवण्याच्या दृष्टीने त्यांच्या क्रमाकडे फारसे पाहत नाही. बोध दुसऱ्या स्थानी आहे. ज्याचे चित्त अजून जवळ आलेले नाही त्याच्यावर स्वामींनी उपदेशाचे ओझे लादलेले आढळत नाही.

सशाच्या रक्षणाची लीळा सर्वांना ठाऊक आहे. पारध्यांनी उठविलेला, मागे कुत्री लागलेली, असा ससा येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. मागोमाग शिकार मागत पारधी आले. तेथे स्वामींनी त्यांना दुष्ट म्हणून हाकलले नाही, आणि ससाही हवाली केला नाही. शरण आलेल्याला देता येत नाही ही गोष्ट त्यांनी शांतपणे सांगितली, मग त्या प्राण्याच्या जगण्याविषयी त्यांच्याशी बोलणे केले. आणि ज्यांचा निर्वाह हत्येवर होता अशा माणसांनी हत्या सोडली. या लीळेत उपदेशाची वाक्ये थोडी आहेत. पारध्यांनी जे पाहिले ते मोठे होते : एक पुरुष निर्भय बसला आहे, त्याच्या मांडीखाली एक भेदरलेला जीव निर्धास्त झाला आहे, आणि तोच पुरुष आपल्याशीही रागावून बोलत नाही. अहिंसेचा पाठ त्यांनी आधी डोळ्यांनी घेतला, कानांनी नंतर.

ज्या रीतीने एखादी गोष्ट शिकविली जाते ती रीतच शिष्य प्रथम शिकतो, विषय मागाहून येतो, असा या लीळेचा एक अर्थ मला वाटतो. अहिंसेचे सूत्र कोणी डोळे वटारून पाठ करवून घेतले तर शिष्याच्या मुखात सूत्र राहील आणि शीलात वटारलेले डोळे राहतील.

प्रश्न विचारणारी शिष्या

स्वामींच्या परिवारात महदाइसेचे स्थान वेगळे आहे. तिच्या जिज्ञासेला अंत नव्हता. तीर्थाविषयी, व्रताविषयी, देवतांविषयी, पूर्वी ऐकलेल्या कथांविषयी ती विचारीत राहिली, आणि लीळाचरित्रातील कितीतरी निरूपणे तिच्या प्रश्नांमुळेच आपल्याला लाभली आहेत. ती विचारती ना, तर ती वचने निघतीच ना. त्या काळी विधवा स्त्रीने शास्त्रार्थात तोंड घालणे समाजाला मानवणारे नव्हते. स्वामींनी मात्र तिच्या प्रश्नाला कधी स्त्रीचा प्रश्न म्हणून खालच्या पायरीवर बसविले नाही. उत्तर कधी सरळ दिले, कधी दृष्टांताने दिले, कधी थट्टेच्या सुरात दिले; प्रश्न विचारण्याचा तिचा अधिकार मात्र काढून घेतला नाही.

याचा परिणाम पुढे असन्निधानात दिसला. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंनी विवाहाची प्रवृत्ती दाखविली तेव्हा त्या प्रसंगी धवळे रचून म्हणणारी महदाइसाच होती, आणि त्यामुळेच आज मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. ईश्वरावतारासमोर उभे राहून तत्क्षणी रचना करावयाची तर केवळ बुद्धी पुरत नाही, मनात संकोच नसावा लागतो. तो निःसंकोचपणा एका दिवसात आलेला नव्हता. वर्षानुवर्षे विचारले आणि प्रत्येक वेळी ऐकून घेतले गेले, त्यातून तो घडला होता.

जिचे प्रश्न ऐकून घेतले गेले ती निर्भय झाली, हे येथे दिसते. याच्या उलट बाजूचा अनुभव मला सांगावयाचा आहे, पण तो योग्य स्थळी सांगेन.

दृष्टांताची घडण

केशवराज सूरी, ज्यांना आपण केसोबास म्हणतो, त्यांनी स्वामींच्या दृष्टांतांचे संकलन केले. दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत, आणि प्रत्येकाची मांडणी तीन अंगांची आहे : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. सूत्रात सिद्धांत, दृष्टांतात लोकव्यवहारातील गोष्ट आणि दार्ष्टांतिकात त्या गोष्टीचा सिद्धांताशी सांधा. यातील माणसे आणि वस्तू सर्व परिचयाच्या आहेत. शेतातले, घरातले, बाजारातले जग त्यांत आहे. ऐकणाऱ्याला अनोळखी असे क्वचितच काही सापडेल.

आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टांत घ्या. ज्याच्या हाताला पाय लागला तो हत्तीला खांब म्हणतो, ज्याच्या हाताला कान लागला तो सूप म्हणतो, आणि प्रत्येक जण आपल्या म्हणण्यावर भांडतो. डोळस असतो त्याला कळते की यांतील प्रत्येकाच्या हाती हत्तीचा एकेक अवयव आहे, पूर्ण हत्ती कोणाच्याच हाती नाही. या दृष्टांताचे सिद्धांतातील स्थान अभ्यासकांना माहीत आहे, त्याचा विस्तार येथे करीत नाही. शिकवण्याच्या रीतीपुरती एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे. डोळस पुरुष आंधळ्याला लबाड ठरवीत नाही. खांबासारखे काहीतरी त्याच्या हाताला खरोखरच लागले होते. त्याची चूक अंश हाच पूर्ण मानण्यात आहे. शिकविताना शिष्याच्या चुकीच्या उत्तरातही असा एक लागलेला अवयव बहुधा असतो. तो शोधून ‘एवढे तुझे बरोबर, आता हात पुढे ने’ असे सांगणारा गुरू वेगळा, आणि ‘तू आंधळा’ एवढेच सांगणारा वेगळा. पहिल्याचा शिष्य पुढे दुसऱ्यांच्या मतातील अंश शोधू लागतो. दुसऱ्याचा शिष्य पुढे सर्वांना आंधळे म्हणत फिरतो, आणि पंथातील वादविवाद त्याच्याच तोंडून कडवट होतात.

विद्वानाचा अहंकार कसा गेला

सराळ्याचे म्हाइंभट हे मोठे विद्वान. शास्त्राचा व्यासंग होता आणि त्या व्यासंगाचा अभिमानही होता. स्वामींकडे ते प्रथम आले ते शिष्य होण्यास आले नव्हते, वादाची उमेद घेऊन आले होते. असा मनुष्य पुढे काय झाला ते पाहिले म्हणजे शिकवण्याच्या रीतीचे बळ कळते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर, रिद्धपुरी भटोबासांच्या सहवासात असता त्यांनी लीळा जुळविण्याचे काम हाती घेतले. ज्याने ज्याने स्वामींना पाहिले होते त्याच्या त्याच्याकडे ते गेले. त्यांत विद्वान होते तसे अक्षरशत्रूही होते, पुरुष होते तशा वृद्ध स्त्रियाही होत्या. ज्या पंडिताला एकेकाळी दुसऱ्या पंडिताचे ऐकून घेणे जड जात होते तो साध्या माणसांसमोर बसून ‘तेव्हा नेमके काय घडले’ असे विचारीत राहिला आणि ऐकले तसे लिहीत गेला.

लीळाचरित्र वाचताना त्यात स्थळ, वेळ, कोण जवळ होते, कोणी काय विचारले हे सर्व बारकाव्याने येते. लिहिणाराने स्वतःचे पांडित्य मध्ये आणले नाही. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ इतका सरळ आहे याचे कारण त्याच्या कर्त्याचा अहंकार सरळ झाला होता हे होय. हरवून गप्प केलेला विद्वान असे काम करीत नाही. तो मनात डाव धरून बसतो. ज्याची विद्या मानली गेली आणि त्याच वेळी ती अपुरी आहे हेही ज्याला दाखविले गेले, तोच आपली विद्या सेवेला लावतो.

आपल्या पोथ्यांतून भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून नोंदविण्याची जी चाल आहे तिचाही विचार करावा. एकाने असे सांगितले, दुसऱ्याने तसे सांगितले. लेखकाने दोन्ही ठेवले. मलाच खरे ठाऊक, असे म्हणणाऱ्या परंपरेत ही चाल रुजलीच नसती.

न बोलता शिकविणे

स्वामींच्या गमनानंतर भटोबास आणि इतर महात्मे श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत रिद्धपुरी राहिले. तेथील शिक्षण निराळ्या प्रकारचे होते. श्रीप्रभूंच्या लीळा वरवर पाहणाऱ्याला वेड्यासारख्या वाटाव्यात अशा. कोणाच्याही घरी जावे, कोणाच्याही हातचे घ्यावे, रागवावे, हसावे, मुलांत मूल व्हावे. पद्धतशीर निरूपण तेथे नव्हते. ज्यांनी सर्वज्ञांच्या मुखातून सुसंगत तत्त्वविचार ऐकला होता त्यांना आता कृतीचा अर्थ स्वतः लावावा लागत होता. ज्यांना गावकी दूर ठेवीत होती त्यांच्या वस्तीत श्रीप्रभू सहज जातात हे त्यांनी रोज पाहिले. यावर सूत्र कोणी सांगितले नाही, आणि सांगण्याची गरजही नव्हती.

एकच शिष्यवर्ग दोन रीतींनी शिकला, एक शब्दाची आणि एक कृतीची. शब्दाने त्यांना विचार मिळाला. कृतीने त्यांचा मान आणि अभिमान झिजला. पुढे भटोबासांच्या स्वभावात जी दृढता आणि जो मऊपणा एकत्र दिसतो त्याचा उगम मला या दुहेरी शिक्षणात दिसतो.

भटोबासांनी केसोबासांना का थांबविले

भटोबास आता स्वतः आचार्य झाले. त्यांच्याभोवती केसोबास, पंडितबास यांसारखे संस्कृतज्ञ जमले होते. स्मृतिस्थळात आलेला प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. विद्वान शिष्य संस्कृतातून विचारू लागले तेव्हा भटोबासांनी त्यांना, स्वामींनी मला मराठीत सांगितले आहे, तुम्हीही मराठीतच विचारा, अशा अर्थाचे सांगितले. केसोबासांनी शास्त्र संस्कृतात आणण्याचे मनात घेतले तेव्हाही भटोबासांनी त्यांना आवरले. कारण त्याने परिवारातील म्हाताऱ्या स्त्रिया वंचित झाल्या असत्या.

हा प्रसंग आपण मराठी भाषेच्या अभिमानासाठी सांगतो, आणि मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा व त्याच वर्षी रिद्धपुरी मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले तेव्हा तो पुष्कळ व्यासपीठांवरून सांगितला गेला. ते योग्यच आहे. परंतु शिक्षणाच्या बाजूने तो याहून खोल आहे. वर्गात सर्वांत पुढे असलेल्या शिष्याच्या सोयीने शिकवावे की सर्वांत मागे बसलेल्याच्या सोयीने, हा प्रत्येक शिकविणारापुढचा प्रश्न आहे. भटोबासांनी मागे बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहून निर्णय केला. त्यांनी केसोबासांचा अपमान केला नाही, त्यांची विद्या नाकारली नाही. तिला दिशा दिली. रत्नमालास्तोत्र संस्कृतात लिहिणाऱ्या या विद्वानानेच सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ मराठीत सिद्ध केले. आपल्या विद्येपेक्षा दुसऱ्याची अडचण मोठी मानणे हे शील त्यांच्यात आले, कारण त्यांच्या आचार्याने ते त्यांच्यासमोर करून दाखविले.

आणि भटोबासांत ते कोठून आले? स्वामींनी त्यांना त्यांच्या भाषेत शिकविले होते. जसे मिळाले तसे दिले. शिकवण्याची रीत अशी पिढीजात चालते.

पाठांतर आणि प्रकरणवश

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की मी पाठांतराच्या विरुद्ध आहे. आपले शास्त्र वाचले ते पाठांतराने. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीच्या धामधुमीत गेली तेव्हा हिराइसेसारख्या धारणा असलेल्या व्यक्तींच्या स्मरणातून पाठ पुन्हा उभा राहिला. पुढे पोथ्या सांकेतिक लिपीत गेल्या, आणि कित्येक शतके गुरुमुखावाचून त्या उघडणे अशक्य झाले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ग्रंथ बाळबोध लिपीत छापले जाऊ लागले. आज सूत्रपाठ विकत मिळतो आणि भ्रमणध्वनीवर ऐकताही येतो. म्हणजे शब्द पोहोचविण्यासाठी गुरूची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. मग गुरूने करावयाचे काय उरले?

याचे उत्तर ‘प्रकरणवश’ या ग्रंथप्रकारात आहे. सूत्रपाठातील वचने ही लीळांतून वेचून घेतलेली वचने आहेत. ती वचने कोणाला तरी, कोठेतरी, कशावरून तरी सांगितलेली आहेत. प्रकरणवश त्या सूत्राला त्याचा प्रसंग परत देते : हे कोणी विचारले, कोणत्या स्थळी, काय घडल्यावर. प्रसंग सुटला की सूत्र सर्वांवर सारखेच आदळते. हताश झालेल्याला धीर देण्यासाठी सांगितलेले वचन आळशाच्या हाती निमित्त होते. माजलेल्याला आवरण्यासाठी सांगितलेले वचन भित्र्याच्या डोक्यावर पडले तर तो अधिक भितो. स्वामींनी एकाला जे सांगितले ते दुसऱ्याला त्याच शब्दांत सांगितले नाही. ज्याचा जो दोष त्यावर ते औषध. सूत्र पाठ करवून प्रसंग न सांगणारा गुरू म्हणजे औषधाची बाटली देऊन कोणत्या रोगावर ते न सांगणारा वैद्य होय.

माझे दोन गुरू, आणि मी

मी स्वतः विद्यार्थी असताना दोन प्रकारचे शिकविणारे पाहिले. एकांची धारणा विलक्षण होती, उच्चार निर्दोष होता आणि राग अनावर होता. एक अक्षर चुकले तर सर्वांसमक्ष असे बोलत की दिवसभर जेवण गोड लागू नये. त्यांच्याकडून मला सूत्रपाठ स्वच्छ आला, त्याचे ऋण मी मानतो. पण त्यांच्याचकडे मी आणखी एक विद्या शिकलो. सामूहिक पाठात आठवले नाही की ओठ हलवावयाचे आणि आवाज शेजाऱ्याचा चालू द्यावयाचा. आम्ही बहुतेक सर्वच यात निपुण झालो होतो. चूक लपविण्याची ही सवय पाठापुरती राहत नाही, ती पुढे आचारातही उतरते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

दुसरे वृद्ध होते. त्यांना सूत्राचा अर्थ विचारला की ते उलट विचारीत, ‘हे कोणाला सांगितले? तेव्हा स्वामी कोठे होते?’ मी गप्प राहिलो की म्हणत, ‘मलाही आता नीट आठवत नाही, पोथी आण, दोघे पाहू.’ एवढ्या मोठ्या माणसाला आठवत नाही आणि तो ते सांगतो, याचे मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले होते. नंतर माझ्याही तोंडून ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द सहज निघू लागले. खरे बोलण्यावर त्यांनी मला एकही निरूपण दिले नव्हते.

हे सर्व कळूनही मी काय केले ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी आश्रमात विद्यार्थ्यांना आचारप्रकरण शिकवीत असता एका मुलाने विचारले, ‘बाबा, नित्य अटन करावे, एका ठिकाणी आसक्ती ठेवू नये असे आपण शिकतो, मग आपण या पक्क्या बांधलेल्या आश्रमात वर्षानुवर्षे कसे राहतो?’ त्या वर्षी आश्रमाच्या एका खोलीचे काम माझ्याच देखरेखीखाली चालले होते. प्रश्न मला लागला. मी म्हणालो, ‘आधी उच्चार नीट कर, मग आचार शिकव.’ मुले हसली. तोही ओशाळे हसला.

त्यानंतर त्याने काही विचारले नाही. तो शांत झाला, नेमून दिलेले सर्व करू लागला, आणि मी त्याला विनयशील म्हणून इतरांपुढे वाखाणू लागलो. सुमारे दोन वर्षांनी तो घरी निघून गेला. मीही योग्यता नव्हती असे मनाशी म्हटले. लेखाच्या आरंभी सांगितलेली सुटका ती हीच.

बऱ्याच काळाने जाळीच्या देवाला तो मला भेटला. संसारी झाला होता, सोबत मुलगा होता. त्याने दंडवत घातला, पीकपाण्याच्या गोष्टी केल्या. जुन्या गोष्टीचा विषय त्याने काढला नाही; मीच काढला. तो म्हणाला, ‘ते राहू द्या बाबा. पण आता माझा पोरगा असंच काही विचारतो, आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघतं. मग तोही हसतो, तसाच.’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला ते अधिक लागले. माझ्याकडून त्याला सूत्रे किती राहिली ते मी विचारले नाही. जे राहिले होते ते त्याने सांगितलेच होते, आणि ते एक पिढी पुढे गेले होते.

त्याला मी काय उत्तर द्यावयास हवे होते? एवढेच, की तुझा प्रश्न योग्य आहे. नित्याटन हा विधी आहे, आश्रम ही नंतरच्या काळाची सोय आहे. वृद्ध, आजारी, शिकणारी मुले आणि पोथ्या यांच्यासाठी ती लागली. परंतु सोयीला विधीचे स्थान देऊ नये, आणि जेथे आपण आचारात उणे पडतो तेथे ते उणेपण मान्य करून प्रायश्चित्तबुद्धीने राहावे. हे सांगताना माझा मान थोडा कमी झाला असता, आणि त्या मुलाची शास्त्रावरची निष्ठा कदाचित वाढली असती.

कठोरपणाची मर्यादा

यावर एक आक्षेप येईल. लीळाचरित्रात स्वामींनीही शिष्यांना फटकारल्याचे प्रसंग आहेत. धाक नसेल तर तरुण साधक वाहवत जातील. आक्षेप रास्त आहे. संन्यासधर्म हा सुखाचा मार्ग नव्हे, आणि लाडाने कोणी विरक्त होत नाही. परंतु त्या प्रसंगांत कोप कशावर आहे ते नीट पाहावे. तो दोषावर आहे, आणि त्या दोषाने शिष्याची जी हानी होणार होती तिच्यावर आहे. कोप झाल्यावर शिष्य स्वामींपासून दूर पळत नाही, अधिक जवळ येतो. ही खूण पुरेशी आहे. आपण रागावल्यावर शिष्य जवळ आला तर राग त्याच्यासाठी होता. तो लपू लागला तर राग आपल्यासाठी होता. शिवाय स्वामी ईश्वरावतार, त्यांचे ज्ञान सर्वज्ञाचे. आपण जीव आहोत, समोरच्याच्या अंतःकरणात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. ज्याला दिसत नाही त्याने शस्त्र बेताने चालवावे.

शिकविणाऱ्या महात्म्यांसाठी व तपस्विनींसाठी, आणि घरी मुलांना नामस्मरण शिकविणाऱ्या वासनिक आईवडिलांसाठीही, वरील विवेचनातून मी स्वतःला पुढील नियम लावून घेतले आहेत.

१. सूत्र सांगताना त्याचा प्रसंग सांगावा. प्रसंग ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे सांगून शिष्यासह पोथीत शोधावा.

२. प्रश्नावर हसू नये व इतरांना हसू देऊ नये. अवघड प्रश्नावर लगेच उत्तर सुचले नाही तर दुसऱ्या दिवसाची मुदत मागावी, आणि ती पाळावी.

३. चुकीच्या उत्तरात बरोबर असलेला अंश आधी सांगावा, उणीव नंतर सांगावी.

४. निरूपणाची भाषा मागे बसलेल्याला समजेल अशी ठेवावी. पुढच्याला ती समजतेच.

५. गप्प झालेल्या शिष्याला विनयशील म्हणण्यापूर्वी तो केव्हापासून गप्प झाला ते आठवून पाहावे.

हे नियम माझ्याकडून रोज पाळले जातात असे नाही. पाचव्याचे स्मरण मात्र राहते.

ज्या गृहस्थांच्या प्रश्नाने हा लेख निघाला त्यांना आता सांगतो. सूत्रपाठ एकच आहे, तरी शिष्याच्या कानी पडते ते सूत्र, आणि त्याच्या शीलात मुरतो तो सूत्र सांगणाराचा स्वर. तेरावे शतक सरून सातशेहून अधिक वर्षे लोटली. असन्निधानाच्या या दीर्घ काळात सर्वज्ञांची वचने आपल्यापर्यंत अखंड आली, ती पोहोचविणाऱ्यांचे उपकार अपार आहेत. त्या वचनांसोबत त्यांचा मृदू स्वरही पुढे जावा, आणि आपल्या मुखाशी येऊन तो तुटू नये, एवढी प्रार्थना श्रीचरणी करून विराम घेतो.

दंडवत प्रणाम.